सोलहून, बाबांच्या पोटाबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर आईने विचारलं, "त्या कोरियन लोकांच्या आतड्यांत एवढं काय बघता गं?" मी हसण्यावारी नेलं. आज रविवार आहे, निवांत लिहिते.

बाबा, तुमचा अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स ही सख्खी भावंडं. दोन्हींत शरीराची राखणदार फौज आपल्याच आतड्यावर उलटते. २००१ साली युरोपीय वंशाच्या पेशंटांमध्ये क्रोन्सशी जोडलेलं एक जनुक सापडलं, एनओडी२. त्यातले तिकडे हटकून दिसणारे तीन बदल कोरियन-जपानी लोकांत जवळपास नाहीतच. आजार मात्र इथेही आहे, आणि वाढतोय. इथे टीएनएफएसएफ१५ हे वेगळंच जनुक पुढे येतं.

गंमत अशी, की आजाराशी जोडलेले बहुतेक बदल जनुकाच्या प्रथिन बनवणाऱ्या भागात नसतातच, त्याच्या आजूबाजूला असतात. मग ते करतात काय? आई, आपल्या गल्लीचं पाणी आठव. टाकी तीच, पाईप तोच, पण पाणी सोडणाऱ्या काकांनी चावी दोन आटे कमी फिरवली की आपल्या नळाला करंगळीएवढी धार आणि खालच्या आळीत बादल्या भरून वाहतात. हे बदल म्हणजे ती चावी. जनुक धडधाकट असतं, ते किती चालायचं एवढंच ठरतं.

ती धार मोजायला कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने आतडं तपासताना, काढलेला तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा घ्यायचा, त्यातला आरएनए, म्हणजे जनुक चाललं की बनणारी त्याची नक्कल, मोजायचा, त्याच पेशंटचा डीएनए वाचायचा, आणि कुठलं अक्षर असलं की कुठल्या जनुकाची धार वाढते याच्या जोड्या लावायच्या. चावी रक्तात एक, आतड्यात दुसरी, सुजलेल्या जागी आणखी तिसरी असू शकते. म्हणून बहुतांश युरोपीय वंशाच्या लोकांवरून केलेले तक्ते इथे पुरत नाहीत, इथल्याच पेशंटांचे तुकडे लागतात. आरएनए भारी नाजूक. मागच्या महिन्यात माझ्या हातून एक नळी उणे ८० अंशांच्या फ्रीजरऐवजी टेबलावरच राहिली. एका माणसाने जुलाबाचं औषध पिऊन, रात्र जागून दिलेला तुकडा वाया. दोन दिवस मला घास गेला नाही.

बाबा, हे पत्र खरं तर तुमच्या केसांसाठी आहे. त्या फौजेला आवर घालणारी अॅझाथायोप्रिनची गोळी सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात उशीवर पुंजके दिसायला लागले, रक्तातल्या पांढऱ्या पेशी धडाधड खाली. डॉक्टर म्हणाले, "औषध मानवलं नाही." आईने बोअरच्या पाण्यावर खापर फोडलं. २०१४ साली इथल्याच कोरियन पेशंटांच्या अभ्यासातून एनयूडीटी१५ हे जनुक पुढे आलं. त्यात एक ठरावीक बदल असला तर हे औषध पांढऱ्या पेशींवर उलटतं. जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बाबांकडून. दोन्ही बदललेल्या असतील तर सुरुवातीच्या आठवड्यांतच, आणि केसही जातात. तोवर सगळ्यांचं लक्ष टीपीएमटी या दुसऱ्या जनुकावर, कारण युरोपात तेच महत्त्वाचं. आणि हा बदल आपल्या भारतीयांतही सापडतो. इथे चावीची भानगड नाही, प्रथिनच बदलतं. पण सापडलं ते कुणीतरी कोरियन पेशंटांकडे बघितलं म्हणून. आई, हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

मी माझी एनयूडीटी१५ची चाचणी करून घेतली. एक प्रत बदललेली निघाली. ती कुणाकडून आली ते तुम्हा दोघांच्या रक्तावरून कळेल. बाबांच्या दोन्ही प्रती तशा असतील तर दादाकडेही एक असणारच, त्यालाही सांगून ठेवा. एकदाच रक्त द्यायचं, उपाशीपोटीही नाही. तोवर फाईलच्या पहिल्या पानावर त्या गोळीचं नाव लाल पेनाने लिहा, म्हणजे नवीन डॉक्टर परत तीच लिहून देणार नाहीत.

आणि आई, तुझ्या तिखटाने हे झालेलं नाही. इथे आजाऱ्याला 'जुक' देतात, म्हणजे आपली पेजच, वर चमचाभर तिळाचं तेल. बाबांना देऊन बघ.

रिपोर्टचा फोटो पाठवाल तेव्हा उजेडात काढा. मागच्या वेळी निम्म्या कागदावर बाबांचा अंगठा होता.

तुमची,
मनू