आधी पाळीचा दिवस विचारा

माननीय संपादक,

कालच्या पुरवणीतला हार्मोन तपासण्यांवरचा लेख दोनदा वाचला. एफएसएच, एलएच, प्रोलॅक्टिन, टीएसएच, एएमएच अशी रक्तात मोजल्या जाणाऱ्या हार्मोनची सगळी नावे त्यात आहेत. पाळीच्या कितव्या दिवशी रक्त द्यायचे, हे मात्र कुठेच नाही. एएमएच कोणत्याही दिवशी चालते, पण एफएसएच आणि इस्ट्राडायॉल दुसऱ्या ते पाचव्या दिवसातच बघतात. हे न सांगता बायकांना 'तपासून घ्या' म्हणणे बरोबर नाही.

माझ्या धाकट्या बहिणीची पाळी ३५ दिवसांनी येते, पहिल्यापासून तशीच आणि अगदी नियमित. मूल हवे म्हणून तपासण्या सुरू झाल्या, तेव्हा प्रोजेस्टेरॉनसाठी (बीज बाहेर पडल्यावर वाढणारे हार्मोन) तिला सरसकट २१ व्या दिवशी बोलावले. आकडा कमी आला. 'तुमचे बीजच तयार होत नाही,' असे तिला उभ्याउभ्या सांगून टाकले. अहो, २१ वा दिवस २८ दिवसांच्या पाळीसाठी! पुढची पाळी यायच्या साधारण सात दिवस आधी हे रक्त घ्यायचे असते, म्हणजे हिच्यासाठी २८ व्या दिवशी. २१ व्या दिवशी तर तिचे बीज जेमतेम बाहेर पडत असणार. तीन महिने ती कुणाशी धड बोलली नाही. मग दुसऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, 'पाळी किती दिवसांनी येते?' २८ व्या दिवशी पुन्हा रक्त दिले आणि आकडा व्यवस्थित आला. आधीच्या ठिकाणच्या फॉर्मवर विवाहित की अविवाहित यासाठी चौकट होती, शेवटच्या पाळीच्या तारखेसाठी नव्हती. तिचे ते तीन महिने मी विसरू शकत नाही.

औषधांचेही तेच. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना टेस्टोस्टेरॉनचा आकडा भरवशाचा नसतो. मळमळीवरच्या डॉम्पेरिडोनने प्रोलॅक्टिन वाढते. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनमुळे काही यंत्रांवर थायरॉइडसाठी बघतात तो टीएसएच खोटाच कमी दिसतो. आणि एलएच एफएसएचच्या दुप्पट म्हणजे पीसीओएस (बीजकोशांचा हार्मोनशी निगडित विकार), हे तुमच्या लेखकाने कुठून आणले? हा विकार ठरवण्याच्या २००३ च्या रॉटरडॅम निकषांत ते नाही. अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणे किंवा रक्तातला पुरावा आणि सोनोग्राफीत दिसणारी बीजकोशांची ठेवण, या तिन्हींपैकी दोन गोष्टी लागतात, त्याही इतर आजार वगळल्यावर.

शेवटी तो तक्ता. 'प्रोलॅक्टिन २५ पेक्षा कमी हवे.' २५ काय? एकक छापलेलेच नाही. हा आकडा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरचा आहे. काही प्रयोगशाळा एमआययू प्रति लिटरमध्ये अहवाल देतात, तिथे आकडा सुमारे २१ पट मोठा दिसतो. ३०० आकडा आलेली एखादी मुलगी काल तुमचा तक्ता बघून घाबरली असेल. प्रत्यक्षात ते १४ च्या आसपास आहे. दुरुस्ती एककांसह छापा, आणि त्याच पुरवणीत, त्याच पानावर.

आपली,
एक नियमित वाचक