मॅच नाहीत, तरी झोप नाही

लेक्सिंग्टन, केंटकी
14 जुलै 2024

प्रिय मंद्या,

‘मार्चमध्ये हरलात ना, मग आता नोव्हेंबरपर्यंत गप्प बसा की,’ असं लिहिलंस. लेका, या गावात केंटकी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाबद्दल उन्हाळ्यातही कुणी गप्प बसत नाही. सलूनवालासुद्धा मान खाली करायला सांगतो आणि विचारतो, सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच गडी) म्हणून कोण बरा?

हरलो ते कसं, तेही ऐक. एनसीएए, म्हणजे देशभरातल्या कॉलेजांची स्पर्धा; समोर मिशिगनमधलं ओकलंड नावाचं विद्यापीठ, पहिलीच फेरी, 80-76. त्यांचा जॅक गोल्की बदली म्हणून आला आणि त्याने दहा थ्री (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) मारले. त्यानंतर दोनतीन आठवड्यांतच आमचे कोच कॅलिपारी आर्कान्सॉ विद्यापीठात निघून गेले. पंधरा सीझन इथे काढले, 2012 चं विजेतेपद दिलं, आणि गेले ते आमच्याच लीगमध्ये! वॅग्नर, थिएरो, इव्हिशिच ही पोरं त्यांच्यामागे गेली. शेपर्ड आणि डिलिंगहॅम एनबीएत, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये. तिथले संघ नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये तिसरा आणि आठवा नंबर. बाकीचेही पांगले. स्कॉलरशिपवरचा एकही जुना खेळाडू राहिला नाही, अक्षरशः एकही नाही.

मला हसू एवढ्यासाठी आलं की आमचे गाईडही गेल्या वर्षी असेच दुसऱ्या विद्यापीठात गेले, जाताना दोघांना घेऊन. मी उरलो.

नवे कोच मार्क पोप. 1996 च्या विजेत्या संघाचे इथलेच कॅप्टन. नाव जाहीर झालं तेव्हा लोक चिडलेच होते. कोच म्हणून एनसीएए स्पर्धेत त्यांनी एकही मॅच जिंकलेली नव्हती. दोन दिवसांनी त्यांची पत्रकार परिषद रप अरेनात ठेवली, तर वीस हजारांचं स्टेडियम भरलं! खेळ नाही, भाषण ऐकायला. मीही होतो. रडणारी म्हातारी माणसं पाहिली.

मग ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी. खेळाडूने त्यात नाव घातलं की इतर कोच त्याला फोन करू शकतात. 2021 पर्यंत बहुतेकांना कॉलेज बदललं की वर्षभर बाकावर बसावं लागे. कोचला मात्र कधीच नाही. म्हणून ‘पोरं पैशासाठी पळतात’ ही ओरड मला पटत नाही. पोपनी बारा जणांचा संघ जमवला, त्यातले नऊ पोर्टलमधून. डेटनचा कोबी ब्रे, गेल्या सीझनमध्ये त्याचे 49.8 टक्के थ्री आत गेले! सॅन डिएगो स्टेटचा लमॉन्ट बटलर, ज्याने 2023 च्या सेमीफायनलमध्ये शेवटच्या क्षणी बास्केट टाकून मॅच जिंकली. आणि शाळेतून आलेला ट्रॅव्हिस पेरी, केंटकीच्या शालेय बास्केटबॉलमध्ये सर्वांत जास्त गुण करणारा. गावाचा जीव त्याच्यावर.

1 जुलै 2021 पासून खेळाडू आपल्या नावावर, चेहऱ्यावर कमावू शकतात. पण परदेशी पोरांचं अवघड, कारण व्हिसा माझ्यासारखाच, विद्यार्थ्याचा. आमचा काँगोचा ऑस्कर शिब्वे 2022 मध्ये देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू होता; जाहिरातींचं काम करायला त्याला संघाच्या बहामा दौऱ्याची वाट पाहावी लागली, कारण ते अमेरिकेबाहेर. मी तर कॅम्पसवर कामाचे आठवड्याचे वीस तास मोजतो.

तुला संघाचा निळा टी-शर्ट पाठवतोय, दिवाळीत येणाऱ्या एकाबरोबर. पाठीवर नाव मुद्दाम छापून घेतलं नाही, मार्चपर्यंत कोण असेल सांगता येत नाही. काकूंना नमस्कार. मैदानावरची रिंग दुरुस्त केली का रे?

तुझा,
अव्या