पाच लिटरचं विरजण पाच हजार लिटरमध्ये लावू द्या

मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स.न.वि.वि.

भोसरीतल्या एका भाड्याच्या गाळ्यात आम्ही तिघं उसाच्या बगॅसपासून, म्हणजे रस काढून उरलेल्या चोथ्यापासून, लॅक्टिक आम्ल बनवतो. दही आंबट करतं तेच हे आम्ल, त्यापासून पुढे पीएलए (पॉलिलॅक्टिक आम्ल) हे प्लॅस्टिक होतं. थोडक्यात धंदा विरजणाचाच.

इथेनॉल तेल कंपन्या ठरल्या भावाने घेतात, म्हणून सगळे कारखाने तिकडे वळले. तक्रार नाही, पण हिशेब बघा. १०० किलो ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ५१ किलो इथेनॉल मिळतं, बाकीचा कार्बन डायऑक्साइड. लॅक्टिक आम्लाचं गणित कागदावर १०० ला १०० बसतं. प्रत्यक्षात कमीच, तरी बरंच.

अडचण पुढे आहे. बगॅसमधली साखर मोकळी करायला ते आधी आम्ल आणि वाफ देऊन फोडावं लागतं. त्यात फरफ्युरल नावाचं घातक रसायन तयार होतं आणि आम्ल बनवणारे जिवाणू मान टाकतात. (गाळ्यात बदामासारखा वास दरवळला की समजायचं, आजची बॅच गेली.) ते निभावलं, तर आंबटपणा वाढून जिवाणू थांबू नयेत म्हणून चुना घालत राहायचा. जास्त झालं की भांड्यात कॅल्शियम लॅक्टेटचं घट्ट पिठलं! शेवटी सल्फ्युरिक आम्लाने ते सोडवायचं, तेव्हा टनभर मालामागे साधारण टनभर जिप्सम पदरात पडतं. पाच लिटरच्या भांड्यात हे दुखणं कळतच नाही, बादलीभर जिप्सम कोपऱ्यात मावतं.

बँक विचारते, पाच हजार लिटरचे आकडे कुठे आहेत? आकडे काढायला तेवढं भांडं हवं आणि भांड्यासाठी कर्ज हवं. उत्साहावर विरजण पडतं ते असं.

पाषाणला १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, मांजरीत वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. केंद्राने २०२४ मध्ये जैवतंत्रज्ञानावरच्या उत्पादनाला चालना देणारं बायोई३ धोरण आणलं. ज्ञानाला तोटा नाही. आम्हाला अनुदानही नको. एमआयडीसीने एक शेड उभारावी: पाचशे आणि पाच हजार लिटरचे फर्मेंटर (आंबवण्याची भांडी), बॉयलर, सांडपाण्याची सोय, आणि रात्रपाळीला जाणकार ऑपरेटर. दिवसाच्या भाड्याने द्यावी. भाडं आम्ही भरू.

जागा मांजरीच्या बाजूला बघावी आणि काम गाळप हंगामाआधी व्हावं, कारण ताजं बगॅस हंगामातच मिळतं. ढिगात पडून राहिलेलं आमच्या आधीच आंबतं, तेही भलत्याच जंतूंनी.

आपला,
भोसरीतला एक लघुउद्योजक