आधी खेळ ठरवा, मग मॅनेजर

महोदय,
मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबला मॅनेजर (मुख्य प्रशिक्षक) कोण हवा, यावर आम्हा चाहत्यांत हमरीतुमरी चालते. कुणाला क्लबचा जुना खेळाडू हवा, कुणाला मोठं नाव. माझ्या मते नाव दुय्यम आहे. 2013 मध्ये मोयेस यांना सहा वर्षांचा करार दिला आणि दहा महिन्यांच्या आत नारळ! टेन हाग यांचा करार जुलै 2024 मध्ये वाढवला, ऑक्टोबरमध्ये त्यांना घरी पाठवलं. त्यांच्यासाठी आठ कोटी पौंडांहून अधिक मोजून आणलेल्या, कडेने आक्रमण करणाऱ्या अँटनीला नंतर आलेले मॅनेजर अमोरिम यांच्या 3-4-3 रचनेत (तीन बचावात, चार मधल्या फळीत, तीन आघाडीला) जागाच उरली नाही. संघ कसा खेळणार हे संचालकांनी आधी ठरवावं, मग माणूस शोधावा आणि त्याला वेळ द्यावा. क्लबचे सर्वात यशस्वी मॅनेजर फर्ग्युसन यांनाही इथला पहिला करंडक चौथ्या मोसमात, 1990 मध्ये मिळाला होता.

– एक वाचक, ठाणे