यिन्हुआचे नाव ठेवणारा सेनापती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

९ डिसेंबर हा डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा स्मृतिदिन. त्या सुमारास आपल्या पुण्यात एखाददुसरे व्याख्यान होते आणि जपानशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर उपचार करायला चीनला गेलेल्या सोलापूरच्या या डॉक्टरची आठवण निघते, याचे मला दरवेळी समाधान वाटते. परंतु मी ऐकलेल्या दोन व्याख्यानांत कोटणीसांच्या मुलाचे नाव माओंनी ठेवले, असे वक्त्यांनी निःशंकपणे सांगितले, आणि ते बरोबर नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये जन्मलेल्या त्या मुलाला ‘यिन्हुआ’ हे नाव सुचवले ते न्ये रोंगझेन या सेनापतींनी. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. ज्या प्रदेशात कोटणीसांनी शस्त्रक्रिया केल्या, जिथे ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि जिथे वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला, त्या प्रदेशाचे लष्करी प्रमुख हेच न्ये होते. मराठीत त्यांच्याविषयी जवळजवळ काहीच लिहिले गेलेले नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

न्ये यांचा जन्म १८९९ चा, सिचुआन प्रांतातल्या ज्यांगजिन येथला. काम करत शिकण्यासाठी फ्रान्सला गेलेल्या चिनी तरुणांपैकी ते एक होते. तिथल्या कारखान्यांत राबून, पुढे बेल्जियममधल्या शार्लरुआ येथे त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि १९२३ मध्ये ते साम्यवादी पक्षात दाखल झाले. मॉस्कोतील प्रशिक्षण, चीनमधल्या व्हाम्पोआ लष्करी अकादमीतील काम, १९२७ चे नानचांग आणि ग्वांगझौ येथील साम्यवादी उठाव आणि नंतर ‘लाँग मार्च’मध्ये, म्हणजे साम्यवादी सैन्याच्या दीर्घ माघारीत, सेनापती लिन ब्याव यांच्या पहिल्या सैन्यदलाचे राजकीय अधिकारीपद हा पुढचा प्रवास त्या पिढीतल्या अनेकांसारखाच आहे. त्यांचे वेगळेपण मला १९३७ च्या नोव्हेंबरपासून दिसते. जपानने चीनवर स्वारी केली होती; साम्यवाद्यांचे मुख्य सैन्य दक्षिणेकडे निघून गेले आणि जेमतेम तीन हजार माणसांनिशी न्ये वुताई पर्वतात मागे राहिले. चारी बाजूंनी जपानी फौजा असताना त्यांनी शान्शी, चाहार आणि हेबेई या प्रांतांच्या सीमेवर शत्रूच्या पिछाडीला तळ उभा केला. सह्याद्रीच्या आधाराने लढलेल्या फौजांचा इतिहास लहानपणापासून ऐकलेल्या आपल्या वाचकांना, डोंगर, गावकरी आणि थोडकी माणसे यांच्या बळावर मोठ्या सैन्याला थकवणे म्हणजे काय, हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या तळावरच्या दोन घटना मला फार मोलाच्या वाटतात. १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये ह्वांगतुलिंग येथील लढाईत न्ये यांच्या सैन्याच्या उखळी तोफेच्या माऱ्यात आबे नोरिहिदे हा जपानी लेफ्टनंट जनरल ठार झाला. त्यानंतर पाचच दिवसांनी, शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊन, कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथ्यून याच प्रदेशात वारले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा १९४१ मध्ये कोटणीसांकडे आली.

दुसरी घटना १९४० च्या ऑगस्टमधली आहे. जिंगशिंग येथील कोळशाच्या खाणीजवळच्या लढाईत आईबाप गमावलेल्या दोन जपानी मुली सैनिकांच्या हाती लागल्या. न्ये यांनी त्यांना आपल्याकडे आणवले, तान्ह्या मुलीसाठी दूध पाजणारी बाई शोधली, थोरलीला धुतलेले पेर स्वतः खाऊ घातले आणि नंतर दोघींना कावडीच्या टोपल्यांत बसवून, जपानी अधिकाऱ्यांच्या नावे पत्र देऊन, जपानी छावणीकडे परत पाठवले. जपानी सैन्य त्या भागात गावेच्या गावे जाळत असताना हे घडले, हे विसरून चालणार नाही. धाकटी जगली नाही; थोरली, मिहोको, १९८० मध्ये बीजिंगला येऊन वृद्ध न्ये यांना भेटली. कोटणीसांसारखा परका माणूस त्या सैन्यात का रमला असेल, याचे निदान एक उत्तर मला या प्रसंगात सापडते.

पुढच्या यादवी युद्धात, १९४९ च्या जानेवारीत, बीजिंग न लढता साम्यवाद्यांच्या हाती आले. त्या मोहिमेच्या नेतृत्वात न्ये होते आणि पुढे ते त्या शहराचे महापौरही झाले. १९५५ मध्ये ज्या दहा जणांना मार्शल हा सर्वोच्च लष्करी किताब मिळाला त्यांत ते होते आणि १९९२ मध्ये, त्या दहांपैकी सर्वांत शेवटी, त्यांचे निधन झाले.

इथपर्यंत सांगून थांबणे मात्र अर्धवट ठरेल. १९५६ नंतर चीनचा विज्ञान आणि शस्त्रसंशोधनाचा सारा कारभार याच माणसाच्या हाती आला. १९६० मध्ये सोव्हिएत तज्ज्ञ निघून गेल्यावर, अणुबाँबसारख्या शस्त्रांचे हे काम आवरते घ्यावे असा सूर सरकारात निघाला असता, ते चालूच राहिले पाहिजे असा आग्रह न्ये यांनी धरला. आठवड्यातल्या सहापैकी पाच दिवस संशोधकांना संशोधनासाठीच मिळावेत, सभा आणि राजकीय शिकवण्यांनी त्यांचा वेळ खाऊ नये, असा नियम त्यांच्या पुढाकाराने झाला. उपाशी शास्त्रज्ञांसाठी त्यांनी लष्करी विभागांकडून मांस, मासे आणि सोयाबीन मागवले. या दूरदृष्टीचे कौतुक करताना माझा हात अडखळतो, कारण त्याच वर्षांत चीनच्या खेड्यापाड्यांत कोट्यवधी माणसे भुकेने मेली. १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने पहिला अणुस्फोट केला, तेव्हा १९६२ च्या युद्धाला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. आपल्या देशाची झोप उडवणारा तो बाँब आणि ‘यिन्हुआ’ हे नाव, या दोहोंमागे एकच माणूस आहे.

खुद्द यिन्हुआ १९६७ मध्ये, वैद्यकीय शिक्षण पूर्ण होत आले असताना, वारला. त्याच वर्षी माओंनी सुरू केलेल्या सांस्कृतिक क्रांतीच्या अतिरेकाला विरोध केला म्हणून न्येही टीकेचे धनी झाले होते.

न्ये यांच्या आठवणी इंग्रजीत उपलब्ध आहेत. ज्या शहराच्या वेशीवर खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे आणि ज्याच्या विद्यापीठात संरक्षणशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, तिथल्या कुणी जाणकाराने त्या मराठीत आणाव्यात, आणि आपल्या रविवारच्या पुरवणीत त्यांतील वुताई पर्वताच्या काळातली निदान काही पाने छापावीत, अशी माझी विनंती आहे. पुढच्या ९ डिसेंबरच्या व्याख्यात्यांनी नावाच्या बाबतीतली दुरुस्ती तेवढी जरूर करावी.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक
सदाशिव पेठ, पुणे