साप अंगावर आला म्हणून

प्रिय बाळा,

तुझा पाळीव साप फुत्कारून अंगावर आला आणि लगेच मागे झाला, हे सांगताना "त्याला मी आता आवडत नाही," असं तू फोनवर म्हणालीस, ते मला फार लागलं. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

बॉल पायथन, म्हणजे तुझा हा छोटा अजगर, माणसावर रुसत नाही गं. तो झेपावतो ते भुकेनं किंवा भीतीनं. भुकेला असला की जीभ भराभर लवलवते, डोकं वासाच्या दिशेनं पुढे सरकतं, आणि एकदा पकडलं की तो सोडत नाही, विळखाच घालतो. घाबरलेला साप मान नागमोडी मागे ओढतो, फुत्कारतो, क्षणभर धडकतो आणि लगेच मागे होतो. तू सांगितलंस ते हे दुसरं. त्याला तुला खायचं नव्हतं, दूर सारायचं होतं.

मग तो घाबरला कशानं? आधी डोळे बघ. कात टाकायच्या आधी डोळ्यांवर निळसर, दुधी झाक येते आणि त्याला नीट दिसत नाही. अशा वेळी वरून आलेला हात त्याला शिकारी पक्ष्यासारखाच. ते दिवस त्याला अजिबात हाताळू नकोस, खायचा आग्रहही नको. त्याच्या राहायच्या टाकीत ओलावा वाढव. कात पडली की डोळ्यांवरचे पापुद्रेही तिच्याबरोबर निघालेत ना, एवढं तपास.

डोळे स्वच्छ असतील तर थर्मामीटर लाव. उबेची बाजू ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि थंड बाजू २५-२६ च्या आसपास हवी, दोन्हीकडे अंग घट्ट बसेल अशी लपायची जागा हवी. पाण्याच्या भांड्यात काळे बारीक ठिपके दिसले, तर अंगावर माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, असू शकतात. तोंड उघडून श्वास घेत असेल, घरघर किंवा फेस असेल, तर वाट बघायची नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा. शांत साप एकाएकी बदलला तर बरेचदा त्याचं काहीतरी दुखत असतं.

आता खाण्याचं. जिवंत उंदीर देऊ नकोस, हे मी पुन्हा पुन्हा सांगणार. कोपऱ्यात सापडलेला उंदीर सापाला चावून मोठ्या जखमा करतो. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये वितळू दे, मग पिशवीतच गरम पाण्यात ठेव. मायक्रोवेव्ह अजिबात नको. उंदीर कोमट हवा, कारण पायथनच्या ओठांवरचे खळगे ऊब टिपतात, गार भक्ष्याकडे तो ढुंकूनही बघत नाही. जाडी सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाइतकी, त्याहून जास्त नको. द्यायचा तो लांब चिमट्यानं, आणि त्याआधी-नंतर हात साबणानं धुवायचे. हाताला उंदराचा वास असला तर हातच भक्ष्य ठरतो. खाल्ल्यावर निदान ४८ तास त्याला उचलू नकोस, नाहीतर ओकेल. ओकला तर दहा-बारा दिवस पोट रिकामं राहू दे, मग लहान उंदरापासून सुरुवात कर. मोठे बॉल पायथन कधीकधी महिनोन्महिने जेवत नाहीत. वजन टिकून असेल तर तेवढ्यानं घाबरू नकोस.

झाकण उघडलंस की आधी हुकानं, म्हणजे साप उचलायच्या लांब आकड्यानं, त्याच्या पाठीला हलकेच स्पर्श कर. आज जेवण नाही, हे त्याला काही दिवसांत कळायला लागतं. मग बाजूनं, अंगाच्या मध्यावर हात घाल, डोक्यावरून नको. मान मागे ओढलेली दिसली तर झाकण लाव आणि दुसऱ्या दिवशी बघ.

आणि पकडलंच त्यानं, तर हात झटकू नकोस. दात आत वळलेले असतात, ओढलं की कातडी फाटते आणि त्याचे दातही तुटतात. स्थिर राहा, हात गार पाण्याखाली धर, तो सोडतो. विष नाही त्याला. जखम साबणानं धू आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते डॉक्टरांना विचार.

दर आठवड्याला वजन करून वहीत लिही. आज डोळ्यांचा एक फोटो काढून मला पाठव, आपण दोघी मिळून बघू.

तुझी,
आई