बाबा, त्याला थांबायला सांगू नका

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोन ठेवल्यावर बराच वेळ चैन पडलं नाही. बाबा, तुम्ही चिडलात म्हणून नव्हे, त्याची मला सवय आहे. पण तुम्ही म्हणालात, ‘एवढ्या मोठ्या सभेत माणूस इतक्या लाख नोकऱ्या देणार म्हणून आकडा सांगतो, तो काय हवेतला सांगेल?’ आणि त्या आकड्याच्या भरवशावर धाकट्याने हातात आलेली नोकरी सोडावी, सहा महिने कळ काढावी, असं तुम्ही त्याला सांगून बसलात. मी काही बोलणार तेवढ्यात आई म्हणाली, ‘जाऊ दे गं आता,’ आणि विषय बदलला. आई, तू विषय बदलतेस तेव्हा तू माझ्या बाजूला असतेस, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून हे पत्र.

बाबा, नोकरभरती हे माझं रोजचं काम आहे. माणसं घेते, आणि या मंदीत घरी पाठवायचं कामही माझ्याच वाट्याला आलं. त्यामुळे ‘रोजगार निर्माण करणार’ हे शब्द ऐकले की मला भाषण दिसत नाही, आमची रिकाम्या जागांची यादी दिसते. एखादी जागा त्या यादीत कशी येते ते तुम्हाला सांगते. काम इतकं साचतं की आहेत त्या माणसांना उरकत नाही. ऑर्डरी येत राहतात आणि पुढेही येतील असा साहेबांना भरवसा वाटतो. मग कुठे कोणीतरी म्हणतं, एक माणूस घेऊ या. यातलं काहीच व्यासपीठावरून घडत नाही.

मंदी आली की आधी ओव्हरटाइम बंद होतो. मग कंत्राटी लोकांची मुदत संपते ती वाढवत नाहीत. कोणी सोडून गेला तर त्याची खुर्ची तशीच रिकामी ठेवतात. हे सगळं करून भागलं नाही की कायम माणसांवर येतं. आणि तुमच्या लक्षात आणून द्यायचंय ते पुढचं. मंदी ओसरते तेव्हाही हाच क्रम असतो. आधी आहेत त्यांनाच ओव्हरटाइम, मग कंत्राटी, आणि कायमची भरती अगदी शेवटी. धंदा सुधारला तरी दारावरची पाटी लगेच बदलत नाही, कारण पोळलेला मालक ताकही फुंकून पितो. अमेरिकेतली २००८ ची मोठी मंदी कागदोपत्री जून २००९ मध्ये संपली. बेकारी सगळ्यात वर, म्हणजे १० टक्क्यांवर, कधी गेली? ऑक्टोबर २००९ मध्ये. मंदी संपल्यावर! त्या मंदीपायी तिथे सुमारे ८७ लाख नोकऱ्या गेल्या, आणि मंदीआधीचा नोकऱ्यांचा आकडा पुन्हा गाठायला २०१४ चा मे महिना उजाडला. तुम्ही त्याला सहा महिने थांबायला सांगताय.

त्याच मंदीतली आणखी एक गोष्ट. जानेवारी २००९ मध्ये, ओबामा शपथ घेण्याच्या आधी, त्यांच्या दोन अर्थतज्ज्ञांनी एक अहवाल काढला. सरकारने मोठा खर्च केला तर बेकारी ८ टक्क्यांच्या आसपास थांबेल, नाही केला तर ९ च्या घरात जाईल, असा त्यात आलेख होता. खर्चाचा कायदा फेब्रुवारीत झाला, आणि तरीही बेकारी १० वर गेली. विरोधकांनी तो आलेख पुढे वर्षानुवर्षं नाचवला. ती माणसं खोटारडी होती असं मला मुळीच म्हणायचं नाही. खड्डा किती खोल आहे हेच तेव्हा कुणाला दिसलं नव्हतं. खर्चाने नोकऱ्या वाचल्या हे बहुतेक अर्थतज्ज्ञ मान्य करतात. पण किती वाचल्या? त्यांच्या संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने जे अंदाज दिले, त्यांतल्या खालच्या आणि वरच्या आकड्यांत दुपटीहून जास्त अंतर होतं. घडून गेल्यावर, सगळी आकडेवारी समोर असताना! मग घडायच्या आधीच एखादा माणूस हात वर करून अमुक लाख म्हणून सांगतो, तो कशाच्या जोरावर?

तुम्ही आयुष्यभर हिशेब तपासलेत. पावती नसलेलं बिल तुम्ही कधी पास केलं नाहीत, त्यापायी दोन वरिष्ठांशी वाकडं आलं हेही आम्ही घरात ऐकत मोठे झालो. मग हेच एक बिल तुम्ही बिनपावतीचं कसं पास केलंत?

पावती मागायला गेलं की काय होतं त्याचा मासलाही तिथलाच. ओबामांच्या सरकारने शब्दच असा निवडला होता, ‘निर्माण केलेल्या किंवा वाचवलेल्या’ नोकऱ्या. निर्माण झालेली नोकरी निदान मोजता येते. वाचलेली कशी मोजायची? जी गेलीच नाही, ती जाणार होती हे कोण ठरवणार? तरी ऑक्टोबर २००९ च्या शेवटी त्यांनी आकडा जाहीर केला, ६,४०,३२९. पुढचे तीनशे एकोणतीस बघा, किती विश्वास वाटतो! मग पत्रकारांनी यादी चाळली, तर ॲरिझोना राज्याच्या १५ व्या मतदारसंघातल्या ३० नोकऱ्या त्यात होत्या. ॲरिझोनात तेव्हा मतदारसंघच आठ होते. लबाडी नव्हती ती, फॉर्म भरणाऱ्यांनी रकान्यात चुकीचे क्रमांक टाकले होते. पण तुमच्या टेबलावर असा कागद आला असता तर तुमची लाल पेन्सिल कुठे कुठे फिरली असती, ते डोळ्यांसमोर आलं आणि हसू आलं.

आणि आकडा खरा असला तरी तो कसला, हे विचारायचं राहतंच. त्या २००९ सालात, सगळं बुडत असताना, अमेरिकेत दर महिन्याला ३५ लाखांहून अधिक माणसं नोकरीवर रुजू होत होती. विश्वास बसत नाही ना? पण त्याहून जास्त माणसं बाहेर पडत होती. हौदाला नळ आहे तशी गळतीही आहे. पुढारी नळाखाली बादली धरून मोजतो आणि म्हणतो, बघा, इतकं पाणी दिलं. हौदातली पातळी विचारा, ती सांगणार नाही. भरतीचे आकडे मीही साहेबांना असेच देते, खोटं कशाला बोलू. ‘या तिमाहीत चाळीस जण घेतले.’ गेले किती, ते दुसऱ्या पानावर असतं.

जर्मनीचे चान्सेलर श्र्योडर १९९८ मध्ये निवडून आले तेव्हा बेकारांची संख्या ३५ लाखांखाली आणू म्हणाले होते. २००५ च्या जानेवारीत ती ५० लाखांवर गेली. त्यात थोडा भाग मोजणी बदलल्याचा होता, आधी मदतीवर जगणारे जे लोक बेकारांत धरत नव्हते ते त्या महिन्यापासून धरू लागले. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष ओलांद यांनी २०१२ मध्ये वर्षभरात बेकारीचा आलेख खाली वळवतो म्हणून शब्द दिला. तो काही वळला नाही. पण त्या माणसाबद्दल मला थोडी माया आहे, कारण पुढे ते जाहीरपणे म्हणाले, बेकारी कमी झाली नाही तर मी २०१७ ला उभा राहणार नाही, आणि खरंच राहिले नाहीत. नोकऱ्यांच्या आश्वासनापायी निदान एक नोकरी गेल्याची नोंद आहे, त्यांची स्वतःची.

आता तुम्ही म्हणाल, ही पोरगी सगळ्यांनाच लबाड ठरवते, सरकारला काहीच जमत नाही का? जमतं. १९३३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत रूझवेल्टनी हिवाळ्यापुरती एक योजना काढली आणि जानेवारीपर्यंत ४० लाखांहून अधिक लोकांना कामाला लावलं. रस्ते, शाळांची डागडुजी, गटारं. तेव्हा ना संगणक होता ना काही. पण ते कसं जमलं बघा. मजुरी थेट सरकारच्या तिजोरीतून, काम कुठलं ते ठरलेलं, माणूस सोमवारी येऊन फावडं उचलणार. कोणी उद्योगपती येईल, कारखाना काढील, त्यातून रोजगार झिरपेल, असं त्यात काही नव्हतं. आणि ती योजना १९३४ च्या मार्चअखेर गुंडाळलीही गेली. तेव्हा सरकार काम देऊ शकतं की नाही, यावर मी भांडतच नाही. कसलं काम, किती दिवस आणि पगार कुठल्या खात्यातून, एवढंच मी विचारते.

उलट जिथे खात्याचा विचार झालेला नसतो तिथे काय होतं, तेही पॅरिसने १८४८ मध्ये पाहिलं. क्रांतीनंतरच्या सरकारने फेब्रुवारीत सगळ्यांना कामाची हमी दिली, राष्ट्रीय कार्यशाळा काढल्या. नावं लाखावर गेली, तेवढं कामच नव्हतं, जूनमध्ये त्या बंद करायचं ठरलं आणि शहरात बंड पेटून हजारो माणसं मेली. हमी शब्द फार जड आहे बाबा. आपल्याकडे महाराष्ट्राने तो १९७७ च्या कायद्यात लिहिला, मग २००५ मध्ये देशाने. त्या २००५ च्या कायद्यात कुटुंबामागे वर्षाला १०० दिवस, अर्ज केल्यापासून १५ दिवसांत काम, नाही दिलं तर बेकारी भत्ता, असं सगळं कागदावर होतं. मजुरी वेळेवर मिळत नाही म्हणून त्यावर ओरडही खूप झाली. पण निदान तक्रार कशाबद्दल करायची ते तरी मजुराला ठाऊक होतं. तुम्ही ऐकलेल्या भाषणात तारीख होती का? मी ते पूर्ण ऐकलं, तुम्ही पाठवलेलं होतं म्हणून. आकडा तीनदा आला. तारीख एकदाही नाही.

एक गोष्ट सांगू का, हे फक्त आपल्यातच ठेवा. मी आधी जिथे होते तिथे एकदा नव्या माणसामागे सरकारी सवलत मिळण्याची योजना लागू झाली. आम्ही आनंदाने अर्ज भरले. ज्यांना घ्यायचं दोन महिने आधीच ठरलं होतं, त्यांचेच. नियमात बसत होतं, कोणी काही चुकीचं केलं नाही. त्या सवलतीमुळे जास्तीचा एकही माणूस आम्ही घेतला नाही. पण योजनेच्या जाहिरातीत जो एकूण आकडा झळकला त्यात आमचेही लोक होतेच. तेव्हापासून असा आकडा दिसला की मला आमचं ते टेबल आणि ते अर्ज आठवतात.

पण बाबा, तुम्ही भोळे म्हणून त्या भाषणाला भुललात असं मला वाटत नाही. तुम्ही सगळ्या पक्षांना पुरून उरलात. मला वाटतं धाकट्याला इतकी वर्षं शिकवून त्याला ही एवढीशी नोकरी मिळावी, हे तुम्हाला बघवत नाही. मग कुणीतरी मोठ्या आवाजात सांगतं की लवकरच भरपूर जागा निघणार आहेत, आणि वाटतं, याला का नाही मिळणार त्यातली एक? मलाही वाटतं. रात्री झोप लागत नाही तेव्हा मीही त्याच्यासाठी जागा शोधत बसते, आणि जाहिरात अर्धी वाचल्यावर कळतं की ती जुनी आहे, कोणी काढायची विसरलंय.

थांबण्याचं नुकसान मात्र खरं आहे आणि ते मला कामावर रोज दिसतं. अर्जात आठ-दहा महिन्यांची रिकामी जागा दिसली की निवडणारा थबकतो. मंदीत सगळ्यांचंच असं झालंय हे त्याला माहीत असूनही थबकतो. हे चूक आहे, मी भांडतेही, पण होतं हे. मंदीच्या काळात पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांच्या कमाईवर त्याची सावली बरीच वर्षं राहते, असं अमेरिका आणि कॅनडातल्या अभ्यासांत दिसलंय. त्यातल्या कॅनडाच्या अभ्यासात एक दिलाशाची गोष्ट होती. ज्यांनी मिळेल तिथे सुरुवात केली आणि मग हळूहळू चांगल्या ठिकाणी उड्या मारल्या, त्यांनी ते अंतर बरंचसं भरून काढलं. उडी मारायला पायाखाली काहीतरी लागतं ना, बाबा.

त्याला मिळालेली जागा छोटी आहे, पगार तुमच्या मनासारखा नाही, हुद्द्याचं नावही चारचौघांत सांगण्यासारखं नाही. सगळं कबूल. पण त्या पत्रावर रुजू होण्याची तारीख आहे, खाली सही आहे, आणि पगार कुठल्या दिवशी जमा होणार ते लिहिलंय. मी ते पत्र त्याच्याकडून मागवून दोनदा वाचलं, तुम्ही वाचलं असतंत तसं, ओळीवर बोट ठेवून. उद्या भाषणातल्या जागा खरंच निघाल्या तर नोकरीत असलेल्याला अर्ज करायची बंदी नाही. तेव्हा त्याचा अर्ज मी स्वतः बसून लिहीन.

त्याला अजून चार दिवस आहेत होकार कळवायला. तो तुमच्या तोंडाकडे बघतोय. मला म्हणाला, ‘ताई, बाबा बोलले नाहीत तर मी कसं हो म्हणू?’ एवढा मोठा झाला तरी!

आई, तुझ्या गुडघ्यांच्या गोळ्या संपायच्या आत मला कळव, आदल्या दिवशी नको. बाबा, त्याच्याशी बोलाल तेव्हा मी पत्र लिहिलं असं सांगू नका, तुमच्याच मनाने सांगा. आणि मला उत्तर लिहूनच पाठवा. फोनवर तुम्ही ‘बरं बरं’ म्हणता आणि ठेवून देता.

तुमची,
ताई